किल्ल्यामागचा डोंगर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मी ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्यांची गाठोडी सोडवत होतो, तेवढ्यात माझा पावरा मित्र आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तो सहसा रिकाम्या हातानं येत नाही. महूची फुलं, चारोळी, नाहीतर डोंगरातला मध असतोच. यावेळी फक्त कागद होते. ते पाहूनच मी ओळखलं, काम अवघड आहे.

पाणी प्याला आणि म्हणाला, "नाना, तुले याद शे ना? दुष्काळना साले तू आमनाकडे व्हता, वरे, डोंगरवर."

"याद ते शे," मी म्हणालो.

"मंग तेच लिखी दे."

भानगड अशी होती. त्याच्या पाड्यानं सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. वनहक्क कायदा २००६ चा, नियम आले २००८ च्या सुरुवातीला. त्या नियमांत पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे. सरकारी नोंद चालते, आणि नोंद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. मात्र तो दावेदाराचा स्वतःचा नको. परंपरेनं गुरं चारायची जागा, पाणवठा, देवाचं झाड, जुन्या घरांचे अवशेष हेही पुराव्यात धरतात. पाड्याचा कागद वरच्या कार्यालयातून 'पुरावे अपुरे' असा शेरा घेऊन परत आला होता. किल्ल्यामागच्या डोंगरावर हे लोक कधी राहत होते, पाणी भरत होते, गुरं चारत होते, हे पाहिलेला पाड्याबाहेरचा माणूस हवा होता. असा जिवंत माणूस मी एकटाच उरलो होतो. माझा बाप गेला, आमचा सालदार गेला.

त्या रात्री मी जबाब लिहूनही टाकला. दहावीपर्यंत शिकलोय, निबंधात मला बरे मार्क असायचे. चांगली दोन पानं झाली. पाणवठा शिखराच्या उगवतीला, तिथं एक आंब्याचं झाड, झाडाजवळ झोपडी. सकाळी वाचून पाहिलं तर वाटलं, हे मी आठवून लिहिलं की रचून लिहिलं? मधे पन्नास वर्षं गेली. मी मित्राला निरोप धाडला, सही करायच्या आधी एकदा वर जाऊन येऊ.

घरची म्हणाली, "गुडघे पाहिलेत का स्वतःचे?"

आता त्या जागेविषयी थोडं सांगतो, कारण आमच्या तालुक्यातल्याही बऱ्याच जणांना ती ठाऊक नाही. चोपड्याची माणसं दक्षिणेला तापीकडे पाहून जगतात. केळी, कापूस, बाजार सगळा खाली. उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, तो पाऊस येतो का हे पाहण्यापुरता. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तिथवर लोक आंघोळीला जातात. लासूरच्या बाजूनं चौगावला गेलं की त्रिवेणीचा महादेव आहे आणि मागच्या डोंगरावर किल्ला आहे. किल्ला म्हणजे ढासळलेली तटबंदी, झाडोऱ्यात गेलेल्या भिंती. गवळी राजाचा किल्ला म्हणतात. अलीकडे तरुण पोरं येऊन गवत काढतात, दगडावर बाण रंगवतात, हे चांगलं काम आहे. बाण किल्ल्यापाशी संपतात. आमचा डोंगर त्याच्याही मागे, खिंड उतरून पलीकडे. किल्ल्यापेक्षा उंच आहे, पण त्याला आम्हा खालच्या लोकांत नाव नाही. पावरा बोलीत नाव आहे. ते मित्रानं लिहू नको म्हणून सांगितलं, कारण नाव कळलं की गुप्तधनवाले पहार घेऊन येतात. किल्ल्यावरच्या भिंती पावसानं पाडल्या तशा त्यांनीही खणून पाडल्या आहेत.

गवळी म्हणजे अहिर, आणि अहिरांवरूनच आमची अहिराणी. पण या राजांविषयी लिहिलेलं थोडं सापडतं. खानदेशचा लिहिलेला इतिहास बहुतेक सपाटीवरचा आहे. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकानं मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद दिलं, तिथून फारुकींचं राज्य सुरू झालं. थाळनेर आमच्यापासून जवळच, तापीच्या काठावर. त्याच्या मुलानं आसा अहिराकडून असीरगड घेतला, तोही कपटानं. बायकांच्या डोल्या म्हणून आत शिपाई पाठवले, असं फरिश्ता लिहितो. पुढं १६०१ मध्ये अकबरानं तोच गड फारुकींकडून घेतला. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज थाळनेरवर आले आणि किल्लेदाराला फाशी दिलं. हे सगळं पुस्तकात आहे. डोंगरावर मात्र पुस्तक चढत नाही, चढलं तरी कुणाचा तरी पाठलाग करत चढतं.

१८२५ मध्ये औट्राम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी खानदेशात आला. त्यानं भिल्लांची पलटण उभारली, ठाणं धरणगावला. आधी फौजा पाठवून काही साधलं नव्हतं. फौजेला डोंगरातली वाट सापडत नसे आणि सापडली तर पुढं माणूस सापडत नसे. औट्राम त्यांच्यात जाऊन राहिला, शिकार केली आणि त्यांच्यातलेच लोक नोकरीला घेतले. म्हणजे वाट माहीत असलेला माणूसच विकत घेतला म्हणा. तरी सगळे विकले गेले नाहीत. १८५७ च्या नोव्हेंबरात सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंदूरहून मुंबईकडे जाणारा सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. खाज्या आधी त्याच घाटाचा राखणदार होता. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल मारले गेले, बायकामुलं पकडली गेली. भीमा नाईक अंदमानात मेला, १८७६ मध्ये. अंबापाणी आमच्या उत्तरेला, हाच सातपुडा. मग १८७८ चा जंगल कायदा आला आणि डोंगर राखीव झाले. कालपर्यंत जो माणूस डोंगरात राहत होता तो त्या दिवसापासून घुसखोर झाला. त्याच्या झोपडीचा कागद नाही, कारण तेव्हापासून कागद लिहिणारा तिला मोडायलाच येत होता.

७२ चा दुष्काळ आमच्या वयाच्या माणसाला सांगावा लागत नाही. कडबा संपला, विहिरी तळाला गेल्या. लोक खडी फोडायला जात आणि सुकडी खात. गुरं मातीमोल भावानं विकली गेली, काही नुसती सोडून दिली. माझ्या आप्पांनी विकली नाहीत. १९७३ च्या चैत्रात त्यांनी सालदाराला आणि मला नऊ जनावरं घेऊन डोंगरात पाठवलं. बाजारात ओळख झालेला एक पावरा म्हणाला होता, वर पाणी आहे. तो माझ्या मित्राचा बा. मी तेरा वर्षांचा, मित्र एखाद्या वर्षानं मोठा. महिनाभर तिथं राहिलो. वासरू बिबट्यानं नेलं, आठ जनावरं खाली आणली. गावात ज्यांचे बैल उरले त्यांच्यात आम्ही होतो, म्हणून पुढच्या मृगाला आमची पेरणी वेळेवर झाली. त्या माणसानं पाण्याचे पैसे घेतले नाहीत. आप्पांनी दोन पायली ज्वारी दिली, ती घेतली. हे कुठल्याही कागदावर नाही.

तर आम्ही निघालो. मी, मित्र आणि त्याची नात. पोरगी चोपड्याला बारावीला आहे. मोबाईलमध्ये नकाशा आणि जागांची नोंद घ्यायची सोय, म्हणून ती बरोबर. वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा, तीन बाटल्या पाणी.

किल्ल्यापर्यंत काही सांगण्यासारखं नाही, पायवाट आहे. तटाच्या पडक्या भागातून पलीकडे उतरलो आणि गवतात शिरलो. कार्तिकातलं गवत माझ्या छातीला आणि पोरीच्या गळ्याला लागत होतं, वाळून पिवळं झालेलं. कुसळं धोतरातून मांडीत शिरतात, हे मी विसरलो होतो. मित्र पँट घालून आला होता, हसला.

खिंडीत मी म्हणालो, "आपण इथूनच गेलो होतो. गुरांची रुंद वाट होती."

"व्हती. आते ढोरे कोन आनस आठे?"

हे मला आधी सुचलं नव्हतं. रानातली वाट कुणी बांधत नाही, रोजच्या पायांनी ती राहते. पाडा खाली आला, गुरं कमी झाली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, कूपतोडीच्या गाड्या बंद झाल्या. दोनचार पावसाळे कुणी गेलं नाही की वाट गेली. तिच्या जागी घाणेरी माजली होती. घाणेरीतून उभ्यानं जाता येत नाही, वाकून रांगत जावं लागतं आणि काटेरी फांदी मागच्याच्या तोंडावर बसते. मित्र पुढं विळ्यानं फांद्या मोडत होता. तोडत नव्हता, मोडून आमच्या दिशेला वाकवत होता. परत येताना फांदीची पांढरी बाजू दिसावी म्हणून. दर पन्नास पावलांवर थांबे आणि म्हणे, "मांगे देख." जाताना पाहिलेला डोंगर येताना दुसराच दिसतो, हे त्याच्या बानं त्याला शिकवलेलं. पोरीनं मोबाईल दाखवला, "आजोबा, यात दिसतं ना कुठून आलो ते." तो म्हणाला, बरं आहे, पण देख.

मी नाल्यानं जाऊ म्हणालो. नाला मोकळा दिसत होता, सुकलेला, गुळगुळीत दगड. मित्र काही बोलला नाही, माझ्या मागून आला. अर्धा तास सुखानं चढलो आणि पुढं दोन पुरुष उंचीचा कडा. पावसाळ्यात तिथं धबधबा पडत असणार. दोन्ही बाजूंना काळा पाषाण, धरायला काही नाही. मागं फिरावं लागलं. "आधी सांगायचं ना," मी चिडून म्हणालो. तो म्हणाला, लहानपणीही तू याच नाल्यानं गेला होता, तेव्हाही सांगितलं होतं.

नाला सोडून आम्ही धारेवर आलो. धार म्हणजे डोंगराचा कणा, दोन्हीकडे उतार. तिथं माती कमी म्हणून झाडोरा विरळ. अंजनाची झाडं लागली. अंजन आमच्या सातपुड्याचं खास झाड. पान जोडीचं, बैलाच्या खुरासारखं, लाकूड असं कठीण की कुऱ्हाडीची धार जाते. ७३ साली हिरवा चारा म्हणून उरला होता तो अंजनाचा पाला. मित्राचा बा झाडावर चढून तो छाटायचा आणि आमचे बैल खाली तोंड वर करून उभे राहायचे. धारेवर सालईही होती, पानं झडलेली, पांढरट खोडाची.

एका वाळल्या फांदीवर भर दुपारी एक ठेंगणं घुबड बसलं होतं. आमच्याकडे पाहिलं, मान फिरवली, उडालं नाही. सातपुड्यात रानपिंगळा नावाचा पक्षी आहे, तो दिवसाही हिंडतो. १८८४ नंतर तो कुणाला मिळाला नव्हता. नामशेष झाला असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाई आणि त्यांचे दोन साथीदार शहाद्याजवळच्या डोंगरात फिरत असताना त्यांना तो झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्या भागातले पावरे-भिल्ल तेवढी वर्षं त्याच रानात लाकूडफाटा आणत होते, त्यांना कुणी विचारलं असतं की नाही कोण जाणे. आम्ही पाहिलेला तोच होता की साधा पिंगळा, हे मी छातीठोक सांगणार नाही. पोरीनं फोटो काढला, त्यात फक्त फांदी आली.

सातपुड्याची चढण फसवी असते. डोंगर पायऱ्यांसारखा आहे. एक टप्पा चढलो की वाटतं झालं, वर पोचलं की मागून दुसरा टप्पा डोकं काढतो. मी तीन वेळा टोपी काढून 'जय बजरंगबली' म्हणालो आणि तीनही वेळा फुकट गेलं. चौथ्यांदा पोरगी ओरडली, "पुढं आकाश आहे!" मोबाईलच्या नकाशावर त्या जागी उंचीचा नुसता एक आकडा होता, दुसरं काही नाही. आम्ही त्या आकड्यावर उभे होतो. दक्षिणेला तापीची रेघ चमकत होती, त्याच्या अलीकडे केळीच्या हिरव्या चौकटी. माझं शेत कुठलं ते काही कळेना. उत्तरेला डोंगरामागं डोंगर, थेट मध्य प्रदेशात.

भाकर खाल्ली आणि मी दोघांना उगवतीकडे घेऊन गेलो. पाणवठा तिकडे होता, मला पक्कं आठवत होतं. सकाळी ऊन पाण्यावर पडायचं आणि पाणी डोळ्यांवर यायचं. गवतात काठी मारत तासभर फिरलो. दगड, गवत, निवडुंग. पाणी नाही, आंबाही नाही. मी घामेजून बसलो. घरी माझ्या कपाटात 'उगवतीला' लिहिलेली दोन पानं पडली होती.

मित्र तोवर मावळतीच्या कडेला जाऊन उभा होता. त्यानं हाक मारली. खाली शंभरेक पावलांवर एका घळीत झाडांचा हिरवा पुंजका होता, बाकी सगळं पिवळं. "पानी तठेच ऱ्हाई," म्हणाला. उतरलो. आंबा होता. एका बाजूनं पोकळ झालेला, आत माणूस बसेल एवढी ढोली, पण दुसऱ्या बाजूला पालवी. त्याच्या मुळाशी खडकात दोन हात खोल टाकं आणि टाक्यात पाणी, वर पाला साचलेला. मी पाला सारून हात घातला. गार.

आता कळलं माझी चूक कुठं झाली. ऊन सकाळचं नव्हतं. आम्ही गुरं दिवसभर चारून संध्याकाळी पाण्यावर आणायचो, ते ऊन मावळतीचं.

झोपड्या पाहायच्या राहिल्या होत्या. खाली असतानाच यावर आमचं थोडं वाजलं होतं. तो म्हणायचा, "पाच झोपड्या व्हत्यात." मी म्हणायचो, "मी ते एकच देखी." पाच लिहिल्या तर पाडा म्हणता येतो, एक लिहिली तर एकटा माणूस. त्याला पाच हव्या होत्या आणि पाच लिहायला मला काही पडलं नसतं. आप्पांचे बैल त्याच्या बाच्या पाण्यानं जगले होते. पण मी न पाहिलेलं सही करून कसं देऊ? हे बोललो तेव्हा तो गप्प झाला आणि मग बराच वेळ रस्त्यात बोलला नव्हता. नाल्यात मला त्यानं थांबवलं नाही, त्यात तोही राग असेल.

घळीच्या वरच्या अंगाला सपाट जागा होती. तिथं त्यानं गवत कापायला सुरुवात केली. मीही लागलो, पोरगीही. हाताएवढ्या दगडांची एक रांग निघाली, पुढं काटकोनात वळलेली. कूडाच्या भिंतीखाली लावतात तशी. आत तीन दगडांची चूल, दगड आतल्या बाजूनं काळे. थोड्या अंतरावर दुसरी रांग. मग तिसरी, तिथं जात्याची खालची तळी, फुटलेली. चौथी शोधायला आम्ही सगळी जागा कापून काढली. दिवस कलला. चौथी निघाली नाही.

"तीन," पोरगी म्हणाली आणि मोबाईलमध्ये जागा नोंदवून घेतली.

मित्र जात्याच्या तुकड्यापाशी उकिडवा बसला होता. त्यावर हात फिरवत होता. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

उतरताना अंधार पडला. मोडलेल्या फांद्या बॅटरीच्या उजेडात पांढऱ्या दिसत होत्या, त्यावरून आलो. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा त्यानं मागं पाहून ठेवलेली झाडं कामाला आली. मोबाईलची बॅटरी खिंडीतच संपली होती. किल्ल्याच्या तटाला हात लागला तेव्हा माझ्या गुडघ्यात जीव राहिला नव्हता. घरी कंदील घेऊन, म्हणजे टॉर्च घेऊन, मुलगा गावच्या वेशीपर्यंत आला होता. काही बोलला नाही, हेही खूप.

जुनी दोन पानं मी चुलीत घातली. नवा जबाब एका पानाचा झाला. १९७३ च्या चैत्र-वैशाखात मी तिथं महिनाभर होतो. पाणवठा शिखराच्या मावळतीला घळीत आहे, तो मी तेव्हाही वापरला आणि आजही पाहिला. पाड्यातले लोक तिथं गुरं पाजत, महू वेचत. एक झोपडी मी वापरात पाहिल्याचं आठवतं. तीन झोपड्यांचे पाये, चूल आणि जातं मी आज डोळ्यांनी पाहिलं. खाली सही, वय, गाव.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी मी तो कागद पाड्यावर नेला. मित्राला वाचता येत नाही. नातीनं कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचला. 'एक झोपडी' आली तिथं ती थोडी अडखळली आणि आजोबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तिनं पुढं वाचलं, 'तीन', मग सही, वय, गाव.

तो जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "आंबानं झाड ऱ्हायनं ना, नाना."

खरंच राहिलं होतं. मी पेन मागितला आणि समासात आंब्याचं झाड लिहिलं.